हंडा आणि वर कळशी

ट्रेलर विकत घ्यायच्या आधी त्यात आपल्या घरातलं एक माणूस बसवून बघावं. माझा भाचा परवा जुना ट्रेलर घ्यायला निघाला होता, त्यालाही मी हेच सांगितलं. तो हसला. त्याला वाटलं, म्हातारीला गंमत सुचली आहे. मी म्हटलं, "हस हस. माणूस बसवल्याशिवाय घेतलास तर रस्त्यात रडशील." टायर, स्प्रिंगा, पत्र्याचा गंज, सगळं बघावंच. जीपच्या आणि ट्रेलरच्या चाकांचं माप एक असलं की जादा चाक एकच बाळगावं लागतं, हेही बघावं. पण त्याच्याआधी माणूस बसवावं. आमच्या घरात मी बसले होते, तेही मुद्दाम नाही.

आम्ही तेव्हा घाटकोपरला एका बैठ्या चाळीत राहत होतो. पुढे मोकळं अंगण, अंगणाच्या टोकाला सार्वजनिक नळ. हे पूर्वी गिरणीत होते. ती नोकरी सोडून एका बांधकाम कंत्राटदाराकडे ड्रायव्हर झाले आणि पुढे त्याचीच जुनी जीप घेऊन स्वतःचा धंदा करू लागले. तेव्हा घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आणि तिकडे चेंबूरला जिकडेतिकडे घरं उठत होती. कौलं, फरशा, चुन्याची पोती, काहीतरी सारखं न्यायचं असायचंच. पण जीप ती केवढी! सहा पोती टाकली की तिचं पोट भरायचं. म्हणून ट्रेलर घ्यायचं ठरलं.

आणि घरात मामंजी होते. माझे सासरे. सगळी हयात मचव्यावर, शिडाच्या मालवाहू गलबतावर गेलेली, सुकाणू धरणारा तांडेल म्हणून. मंगळूरहून मुंबईला कौलं आणायची, मुंबईहून परत काहीबाही न्यायचं. मचवा विकला गेला, पाठोपाठ सासूबाई गेल्या, आणि यांनी त्यांना घाटकोपरला आणलं. चाळीत सगळे त्यांना तांडेलच म्हणत. पण समुद्र नसलेल्या ठिकाणी तांडेलाने करायचं काय? ते उंबऱ्यावर बसत आणि कुठला तरी जुना दोर उकलून परत वळत. वळून झाला की पुन्हा उकलत. मला ते बघवत नसे.

शिमगा झाल्यापासून त्यांनी एकच घोषा लावला होता. "बोटी बंद होवच्या आदी मी गावाक जातंय." पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असत. एकदा माणूस गावी गेलं की गणपतीपर्यंत इकडे यायचं नाव नाही. गावी बंद घर. आदल्या पावसाळ्यात तिथे तापाने पडले होते, तर शेजारच्यांना दिवसभर धूर दिसला नाही म्हणून कळलं. ते पुन्हा तिथे एकटे जाऊन राहणार, ही कल्पनाच मला सोसत नव्हती. सुनेला सासरा घरात नको असतो असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला! मला तो माणूस हवा होता. माझं माहेर मुलुंडचं, वडील माझ्या लहानपणीच गेलेले. मी रांधलेलं चांगलं झालं तर चांगलं झालं असं तोंडाने म्हणणारा त्या घरात तो एकच माणूस होता. यांना कधी कळलंच नाही की आमटीला मीठ कमी आहे की जास्त.

तर ट्रेलर. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराचा बराच माल विकायला निघाला होता, त्याला सगळे डिस्पोजलचा माल म्हणत. कुर्ल्याच्या बाजूला एका वखारीत असे जीपमागे जोडायचे छोटे ट्रेलर आले आहेत असं यांना कळलं. दोन चाकं, वर लोखंडी पेटारा, पुढे दांडी आणि दांडीच्या टोकाला कडी. ती कडी जीपच्या हुकात अडकवायची. जीप सोडली तर पुढे लोखंडी टेकू लावून उभा करायचा. हे निघाले तेव्हा मी म्हटलं, "मामंजींना पण न्या. कौलं त्यांनी जन्मभर वाहिली आहेत." हे म्हणाले, "त्यांना ट्रेलरमधलं काय कळतं?" मी म्हटलं, "तुम्हाला तरी काय कळतं?" मग तिघंही गेलो, कारण एवढं बोलून झाल्यावर मी मागे राहणं शक्यच नव्हतं.

वखारीत सहासात ट्रेलर ओळीने उभे होते. मामंजींनी बोटीची पारख करावी तशी एकेकाची पारख केली. बोटाच्या पेरांनी ठोकून आवाज ऐकला, सांध्यावरून नख फिरवलं, वास घेतला. मग एकाच्या खाली वाकून बघितलं आणि खालूनच ओरडले, "अगो, होडीच आसा ही! बूच पण आसत!"

आणि खरंच होतं ते. पेटाऱ्याच्या तळाला दोन भोकं आणि त्यांना घट्ट बसणारी बुचं. वखारवाल्याने सांगितलं की नदी आली तर हा ट्रेलर पाण्यावर तरंगत पलीकडे न्यायचा, म्हणून सैन्यात तसा केलेला असतो. झालं! मामंजींचा चेहरा असा फुलला की तेवढ्यासाठीच तो ट्रेलर घ्यावा असं मला वाटलं. यांनी कडी किती झिजली आहे ते बघितलं, चाकांची मापं जुळवली, पासही केला. पण आमच्या मनात निकाल बुचांवर लागला होता, हे मी आज कबूल करायला हरकत नाही. तुम्ही मात्र बुचांवर जाऊ नका.

ट्रेलर चाळीत आला आणि पहिल्याच संध्याकाळी तमाशा झाला. अंगणात जागा कमी, म्हणून ट्रेलर मागे ढकलत भिंतीला लावायचा होता. जीप मागे घेणं यांना सहज जमायचं, पण मागे ट्रेलर जोडला की सगळं उलटं होतं. चाक डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. हे डावीकडे फिरवायचे, ट्रेलर नळाकडे. उजवीकडे फिरवायचे, ट्रेलर कुणाच्या तरी तुळशीकडे. पोरं टाळ्या पिटत होती, शेजारीण तुळशीपुढे हात पसरून उभी राहिली होती, आणि हे घामाने निथळत दात-ओठ खात होते. वाटच लागली होती.

तेव्हा मामंजी उठून जीपच्या बाजूला गेले. म्हणाले, "अरे, सुकाणू डाव्या हाताक लोटलंस तर होडी खय जाता? उजव्या हाताक. तशीच ही. हातातला चाक म्हणजे सुकाणू समज. आता मी सांगतंय तसा फिरव." ते तोंडाने सांगत गेले, हे फिरवत गेले, आणि ट्रेलर दोन खेपांत भिंतीला समांतर जाऊन उभा राहिला. शेजारणीने तुळशीवरून हात काढले. "झकास, तांडेल!" कोणीतरी ओरडलं.

त्या रात्री मामंजी पोटभर जेवले. दुसऱ्या दिवसापासून गावाला जायचं नाव काढलं नाही. मी मनात म्हटलं, चला, जमलं. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं होतं. एका बाबतीत ते बरोबर निघाले, म्हणून सगळ्याच बाबतीत बरोबर असणार असं आम्ही तिघांनी धरून टाकलं.

पहिली खेप पवईला होती. एका बंगल्याची मंगलोरी कौलं घाटकोपरच्या वखारीतून उचलून तिकडे पोचवायची. मामंजींनी स्वतः रचली. कौलं कशी रचावीत हे त्यांच्याकडून शिकावं. आडवी नाही, उभी, एकाला एक टेकून, मध्ये पेंढा, कुठे बोट शिरायला फट नाही. उंची वाढवायला मागे फळ्या बांधल्या. आणि सगळा भार ठेवला मागे. दांडीकडची बाजू जवळजवळ रिकामी. यांनी विचारलंसुद्धा, "पुढे का नाही भरत?" तर म्हणाले, "नाक वर व्हया रे. भार फुडे गेलो की नाक पाण्यात खुपसता." यांनी मग तसंच भरू दिलं. आमच्याकडे बैलगाडी कुणाच्या बापजाद्यांनी हाकली नव्हती. आमच्या गावच्या वाटांवर गाडी चालतच नसे. ओझं एक तर डोक्यावर, नाहीतर होडीत. देशावरच्या कुठल्याही माणसाने एका नजरेत सांगितलं असतं की गाडी मागून जड भरायची नसते. पण देशावरचं माणूस तिथे नव्हतं. आम्ही होतो.

वर मामंजी स्वतः कौलांच्या मागच्या टोकाला पोतं घालून बसले. तांडेलाची जागा मागेच असते ना, सुकाणूपाशी!

पुढचं मला यांनी सांगितलं. आग्रा रोडला लागल्या लागल्या ट्रेलर शेपूट हलवायला लागला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मामंजींना त्यात काही वावगं वाटलं नाही. होडी हलते, तसाच हा. ते मागून हात करून "चल, चल" म्हणत होते. जीपचं मागचं अंग हलकं लागतंय हे यांना जाणवत होतं, पण बाप मागे निवांत बसलेला दिसतोय म्हटल्यावर ते दामटत राहिले. पवईकडे वळल्यावर चढ लागला. तिथे दांडी वर उचलली गेली, तिने जीपचा पार्श्वभाग उचलला, जीपची मागची चाकं नुसतीच फिरू लागली, आणि ट्रेलर मागे बसला. मागच्या फळ्या तुटल्या. कौलं रस्त्यावर आणि कौलांवर मामंजी.

देवाची कृपा, कोपर आणि गुडघा सोलवटला एवढ्यावर निभावलं. मागून गाडी येत नव्हती. पण अर्धी कौलं फुटली. बंगल्याचा मालक म्हणाला, उरलेली दुसऱ्याकडून आणवतो. आणि परत येताना, मामंजींना जीपमध्ये शेजारी बसवून, हे जे बोलले ते मी त्यांना कधी माफ केलं नाही असं म्हणणार होते, पण माफ केलं. संसारात करावंच लागतं. ते म्हणाले, "बाबा, ही होडी नाही. तुम्ही आता घरात बसा."

मामंजी वाटभर कोपर धरून बसले. घरी आले, हातपाय धुतले, मी कोपराला हळद लावली ती लावून घेतली. मग माळ्यावरून आपली पेटी काढली. ती पेटी मचव्यावरची होती. सागवानी, कडांना पितळेच्या पट्ट्या, आतून डांबराचा वास. त्यांनी तिच्यात दोन सदरे, धोतरं, सासूबाईंचा एक फोटो आणि तो सारखा उकललेला दोर ठेवला. म्हणाले, "शनवारच्या बोटीन जातंय. हयसर माजा काय काम?"

मी यांच्याशी भांडले. चांगली भांडले. म्हटलं, "एका खेपेत चूक झाली तर बापाला घरात बसा म्हणता? तुम्ही तुळशीत ट्रेलर घालत होतात तेव्हा कोण आलं होतं?" हे म्हणाले, "अगं, ते पडले कौलांवरून! मागून ट्रक असता तर?" आणि एवढं बोलून तोंड फिरवलं. तेव्हा मला कळलं की हा माणूस रागावलेला नाही, घाबरलेला आहे. पण घाबरलेल्या माणसाने तसं सांगावं तरी. बाप तिकडे पेटीला कुलूप शोधतोय आणि मुलगा इकडे भिंतीकडे बघतोय, आणि मध्ये मी. दुसऱ्या दिवशी हे जीप घेऊन गेले तरी माझं डोकं असं फिरलेलं होतं की घरात थांबवेना.

ट्रेलर अंगणात टेकूवर उभा होता. तळाला कौलांचा चुरा आणि पेंढा तसाच पडला होता. मी केरसुणी आणि घमेलं घेतलं, पदर खोचला, मागच्या बाजूला खोकं ठेवलं आणि त्यावरून कडेवर पाय टाकून आत चढले. चढले आणि जग पुढून वर उचललं गेलं. दांडी आभाळाकडे, मी घमेल्यासकट मागच्या पत्र्यावर धपकन बसलेली, कौलांचा चुरा माझ्या मांडीवर. शेजारीण किंचाळली, "अगं बाई, सून उलथली!"

मामंजी उंबऱ्यावर वळकटी बांधत होते. ती टाकून ते धावत आले आणि त्यांनी दांडीला लोंबकळून ती खाली ओढली. म्हणाले, "हलू नको गो!" मी कशाला हलते! ते दांडी धरून उभे, मी आत बसलेली. मी हळूच उठायला गेले तर म्हणाले, "थांब. उठू नको. फुडे सर."

मी पुढे सरकले.

"आनी फुडे. हां. आता परत मागे."

मी मागे सरकले. दांडी त्यांच्या हातात वर उठायला लागली. ती त्यांनी दाबली. पुन्हा "फुडे". दांडी खाली बसली. मी चिडून म्हटलं, "मामंजी, मी काय कौलांचं पोतं आहे का?" ते ऐकतच नव्हते. त्यांचे डोळे दांडीवर होते. नळावरच्या सगळ्या बायका हंडे तसेच ठेवून जमल्या होत्या. सून ट्रेलरमध्ये पदर खोचून बसून पुढे-मागे सरकते आहे आणि सासरा दांडी धरून तिला हुकूम सोडतोय, असं दृश्य घाटकोपरने तोवर पाहिलं नसणार. लाजेने माझे कान तापले होते. पण गेल्या दोन दिवसांत मामंजींचा आवाज पहिल्यांदाच असा मोठा निघाला होता, म्हणून मी सरकत राहिले.

शेवटी ते म्हणाले, "होडयेक चारी बाजून पाणी धरता गो. ह्येका कोण धरता? दोन चाका, आनी ही दांडी. आता मी धरलंय म्हणान रवला. रस्त्यार कोण धरतलो? जीप." मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. "मागे भार टाकून मी जीपच उचलून ठेयली."

मी उतरले, तीही पुढच्या बाजूने. प्रश्न उरला तो असा की दांडीवर भार किती हवा. अगदीच नसून चालत नाही हे कळलं होतं. पण सगळाच पुढे टाकला तर जीपची मागची बाजू रस्त्यावर बसेल. नाकापेक्षा मोती जड नको. मामंजींनी त्याच दुपारी चाळीतली पोती, पाटे, वरवंटे जमवले आणि ते ट्रेलरमध्ये पुढे-मागे मांडून बघायला लागले. दर वेळी दांडी उचलून बघायचे. पण ते उचलायचे तेव्हा त्यांच्या हाताला सगळंच हलकं लागायचं. जन्मभर नांगर ओढलेले हात ते. म्हणून मला म्हणाले, "तू उचल." मी रोज नळावरून पाणी भरणारी बाई. मी दांडी उचलून सांगायचे, "ही रिकामी कळशी. ही भरलेली कळशी. हा हंडा." एका मांडणीला मी म्हटलं, "हंडा आणि वर कळशी." तेव्हा ते ट्रेलर डाव्या-उजव्या बाजूला ढकलून बघत होते. तो जागचा हलला, पण शेपूट झुललं नाही. म्हणाले, "बस. ह्याच माप."

संध्याकाळी हे आले. अंगणात साऱ्या चाळीचे पाटे-वरवंटे ट्रेलरमध्ये बघून त्यांना काही समजेना. मामंजींनी समजावलं नाही. मीच सांगितलं. यांनी दांडी एकदा उचलून पाहिली, मला मागच्या कडेवर बसवून पुन्हा उचलून पाहिली. क्षमा मागणं त्यांच्या रक्तात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चुन्याची पोती न्यायची होती, ती अंगणातच ट्रेलरमध्ये भरली. जीप मागे लावून झाल्यावर, कडी हुकात अडकवायच्या आधी, हे खाली मान घालून म्हणाले, "बाबा, दांडी बघता का?"

मामंजींनी बघितली. "एक पोता फुडे घे," म्हणाले. ते पुढे घेतलं. मग मला हाक मारली आणि मी उचलून बघितली. हंडा आणि वर कळशी. मग ते स्वतः जीपमध्ये यांच्या शेजारी जाऊन बसले, मागे नाही. आग्रा रोडवर ट्रेलर सुतासारखा आला, असं हे परत आल्यावर म्हणाले.

त्यानंतर आमच्या अंगणातून एकही खेप दांडी उचलून बघितल्याशिवाय सुटली नाही. पुढे दुसरा ट्रेलर घेतला तेव्हा मात्र मी आधी मागच्या कडेवर जाऊन बसले, विकणारा माणूस बघतच राहिला. पण मला सांगायचं आहे ते बोटीच्या आदल्या शुक्रवारचं.

त्या दिवशी माल हलका होता, बांबू आणि सुतळीचे गठ्ठे. कसेही ठेवले तरी दांडीला हवा तेवढा भार येईना. मामंजी घरात गेले. मी चुलीपाशी होते. शनिवार उद्यावर आला होता आणि बोटीचा विषय मी मुद्दाम काढत नव्हते, ते काढतील या भीतीने भाकऱ्यांवर भाकऱ्या थापत होते. त्यांनी पेटी खेचली तेव्हा थापती भाकरी परातीत तशीच राहिली. पण त्यांनी पेटी उघडली, आतले कपडे बाहेर जमिनीवर काढून ठेवले, दोर आत राहू दिला, वर ताडपत्री आणि पाना-पक्कड कोंबली, आणि ती जड पेटी दोघा बापलेकांनी उचलून ट्रेलरच्या अगदी पुढच्या टोकाला नेऊन बांधली. ती पुढे वर्षानुवर्षं तिथेच बांधलेली राहिली.

मग मामंजी परत आत आले. जमिनीवरचे सदरे, धोतरं आणि सासूबाईंचा फोटो दोन्ही हातांत धरून चुलीपाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "गो, ह्या खय ठेवू?"

मी पिठाच्या हाताने माझ्या ट्रंकेचं झाकण उघडलं आणि माझ्या साड्या एका बाजूला सारल्या.